हिरवी, दोन काळ्यांच्या मधली

जुम्बेर म्हणायचा, आधी रंग पाठ कर.
पिवळी बारा. लाल पाच.
नारिंगी तीन आणि वर चिमूटभर.
काळी म्हणजे परतीची वाट,
गेलेल्या प्रत्येकाला लागतेच, म्हणून त्या एवढ्या.
दिदुबे स्टेशनाच्या पाठीमागं, तळघरात,
रॉकेलच्या शेगडीवर बोटं शेकत
मी मान हलवायचो.

त्याला सांगितलं नव्हतं
की माझ्या डोळ्यांत लाल आणि हिरवी
एकाच चिखलात लोळलेल्या दोघी,
नारिंगी त्यांची मावसबहीण.
सोळा वर्षांचा होतो. काम हवं होतं.

निळी मात्र दिसायची.
तिला धरून मी वाट काढली:
चोवीस भोकांच्या मोठ्या प्लगात
निळीच्या पुढं एक काळी,
काळीच्या पुढं ती, जिला सगळे हिरवी म्हणतात,
आणि तिच्या पलीकडं पुन्हा काळी.
कागदाची टाचणी वाकवायची,
एक टोक हिरवीत, दुसरं शेजारच्या काळीत;
सप्लायला वाटतं कुणी बटण दाबलं,
आणि पंखा फिरतो.
फिरला की जुम्बेर म्हणायचा, जिवंत आहे.
नाही फिरला तर काहीच म्हणायचा नाही,
झाकण उघडायचा.

एकदा चुकलो.
समोरच्या रांगेतली जांभळीही मला निळीच दिसते.
तिच्यापासून मोजलं.
जांभळी म्हणजे मशीन झोपल्यावरही जागी असणारी,
पाच व्होल्टची रात्रपाळी.
टाचणी कुठं घुसली देव जाणे.
टिक.
मग वास.
त्सियालाबाईंचा सप्लाय होता, संगीतशाळेतल्या,
हप्ते अजून फिटायचे होते.

जुम्बेरनं एक वायर उचलली. "ही कुठली?"
"लाल."
दुसरी. "ही?"
"ही पण... लालच."
तो बराच वेळ शेगडीची वात खालीवर करत बसला.
मला वाटलं, आता पगार मोजणार.
त्यानं दिवा विझवला.

"अर्धा हिवाळा इथं वीज नसते," अंधारातून तो म्हणाला,
"रंग बघून काम करणारा
डिसेंबरात उपाशी मरतो. दे हात."
आणि त्यानं माझं बोट
प्लगच्या खिटीवर ठेवलं.
भोकांचे आकारही वेगळे असतात,
काही चौकोनी, काही दोन कोपरे घासलेली,
चुकीचा प्लग शिरूच नये म्हणून.
मला हे त्या रात्री कळलं, बोटाला आधी.

वर कुठंतरी वीज आली.
अख्खी इमारत ओरडली, "आली!"
जुम्बेर म्हणाला, थांब, लगेच बटण नको.
राखाडी वायरचंही तसंच असतं:
आत सगळं स्थिरावलं याची खात्री होईपर्यंत
ती मदरबोर्डला "हं" म्हणत नाही.
ती "हं" म्हणेपर्यंत कुणी कामाला लागत नाही.

आता दुकान माझं.
आता सप्लाय येतात ते सगळे काळ्या वायरींचे,
सुतकात असल्यासारखे.
पोरं आणून टाकतात:
एका कंपनीची केबल दुसरीच्या सप्लायला लावलेली,
तोंड जुळलं म्हणून नातं जुळवलेलं,
आणि डिस्क जळालेली.
प्रोसेसरचा आठ पायांचा प्लग
ग्राफिक कार्डात दाबून दाबून बसवलेला;
बारा जिथं हवेत तिथं परतीची वाट,
परतीच्या वाटेवर बारा.
"बसत होता की!" म्हणतात.
दाबलं की पुष्कळ काही बसतं.

जुम्बेर अजून येतो दुपारचा,
मोतीबिंदूनं दोन्ही डोळे दुधाळ.
खुर्चीत बसतो, हात पुढं करतो,
मी त्याच्या तळव्यावर प्लग ठेवतो.
अंगठा खिटीवर, मग सरकत, सरकत.
थांबतो.
"ही कुठली रे?"
मी बघतो. काळी. तिच्या बाजूला काळी,
त्या बाजूलाही.
"हिरवी," मी म्हणतो,
आणि त्याच्या हातात टाचणी देतो.